निळ्या डब्यातल्या पोळ्या

सुकी भाजी सुक्या कचऱ्यात टाकायची नसते, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. ते कळेपर्यंत दोन महिने मी ती निळ्या डब्यात टाकत होते आणि आपण नियम फार नीट पाळतो अशा समजात होते.

मी चौथी शिकलेली आहे. वाचता येतं, लिहिता येतं. कचऱ्याच्या गाडीवाल्याने दिलेल्या कागदावर हिंदीत छापलं होतं, गीला कचरा हरा डिब्बा, सूखा कचरा नीला डिब्बा. ते मी स्वतः वाचलं, कोणाला विचारायला गेले नाही. यात विचारायचं काय? जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला ओलं काय आणि सुकं काय हे दुसऱ्याने सांगायचं? बटाट्याची भाजी सुकी, वांग्याची रस्सा. उरलेल्या पोळ्या मी गच्चीवर उन्हात टाकते, त्या तर खडखडीत वाळलेल्या. त्या निळ्यात. वरण, कढी, रस्सा हिरव्यात. दुधाच्या पिशव्या धुऊन टाकायची मला सवय, त्या निथळत असतात, म्हणून त्या हिरव्यात. आणखी दोन डबे होते, लाल आणि काळा. त्यांचं माझ्याकडे फारसं काम पडलं नाही.

नेपियर टाउनमध्ये माझी मेस आहे. आजूबाजूला कोचिंग क्लास आहेत, त्यातली मुलं माझ्याकडे जेवतात. इमारत तीन मजल्यांची. खाली मेस, मधल्या मजल्यावर घरमालकांचा दातांचा दवाखाना, वर मुलींचं होस्टेल. माझ्याकडे एक हॉल, त्यात सहा बाकडी, मग स्वयंपाकघर, आणि मागे एक खिडकीची खोली. त्या खोलीत मी राहते. खिडकीबाहेर आंगण आहे, त्यात एक कडुनिंब. आंगण सगळ्यांचं, म्हणजे कोणाचंच नाही.

माझे यजमान शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीला फॅक्टरीत होते. ते गेले. मुलगा त्याच फॅक्टरीत लागला आणि त्याला तिथेच क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, तो, सून आणि दोन मुलं. सून वाईट नाही. तिच्या घरात माझी एक खाट आहे, खाटेसमोर टीव्ही आहे, आणि आईला काही करू द्यायचं नाही असा सगळ्यांचा प्रेमळ हुकूम आहे. तिथे चार दिवस राहिले की आपले हात कोणीतरी काढून कपाटात ठेवल्यासारखं वाटतं. मेस बंद झाली तर मला कायमचं तिथे जावं लागणार. तिसरी जागा नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे केलं ते का केलं हे कळेल.

तर यंदा उन्हाळा सुरू होता होता वॉर्डातले कचऱ्याचे साहेब आले. दुपारची वेळ, मुलं जेवत होती. साहेब तरुण, घामाघूम, हातात फाइल. त्यांनी बाहेर ठेवलेल्या निळ्या डब्याचं झाकण उघडलं आणि तसंच धरून उभे राहिले.

"अम्मा, ये क्या है?"

"पोळ्या. रोटी."

"रोटी सूखे में?"

"हात लगा के देखो," मी म्हटलं. "एकदम सूखी है."

बाकड्यावरची मुलं हसायला लागली. साहेब हसले नाहीत. त्यांनी काडीने खाली ढवळलं. "और ये आलू?"

"सूखी सब्जी है, साहब."

आता साहेबही हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. ते म्हणाले, निळ्या डब्यातला माल जिथे निवडतात तिथून दोन महिने तक्रार येत होती की कुठल्या तरी डब्यातून सडलेले बटाटे निघतात आणि पुठ्ठा, प्लास्टिक सगळं बुरसतं. गाडीवाल्याने शेवटी पत्ता काढला. मग त्यांनी मला समजावलं. जे मातीत सडून माती होतं ते गीला. ते हाताला ओलं लागो की कोरडं.

"पापड?" मी विचारलं.

"पापड़ भी गीला."

पापड ओला असतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

चूक माझी होती, ती मी कबूल केली. पण साहेब त्या चुकीसाठी आले नव्हते. फाइलमधून त्यांनी दुसरा कागद काढला. नवा नियम आला आहे, म्हणाले. मेस, होस्टेल आणि दवाखाना मिळून सगळी इमारत एक धरली आहे, आणि ती मोठ्या कचऱ्याच्या यादीत गेली आहे. इथलं ओलं आता गाडी नेणार नाही. एक तर ते आवारातच जिरवायचं, खत करायचं. नाही तर घेणाऱ्याला द्यायचं, पण त्याने लिहून दिलं पाहिजे की मी रोज नेतो आणि त्याचं अमुक करतो. रोज वजन करायचं, वहीत लिहायचं. पंधरा दिवसांनी ते बघायला येणार. काहीच झालं नसेल तर मेसला सील.

"ऊपरवालों का कचरा कितना है?" मी विचारलं.

"होस्टल में चूल्हा नहीं है, क्लिनिक में रुई और दस्ताने. गीला तो सारा आपका है, अम्मा."

हेही खरं होतं. खऱ्या गोष्टीशी भांडता येत नाही. मी कागद घेतला आणि सही केली.

मला तेव्हा फार काळजी वाटली नाही, कारण माझा घेणारा होता. डेअरीवाला भैया रोज सकाळी मोटरसायकलला दोन कॅन लावून यायचा, भाज्यांची सालं, भातबीत घेऊन जायचा. उन्हात वाळवलेल्या पोळ्याही आधी त्याच्याच म्हशींना जायच्या. निळा डबा आला तेव्हा मी त्याला पोळ्या देणं बंद केलं होतं, ती अक्कलही माझीच. दुसऱ्या दिवशी मी त्याला कागद दाखवला आणि म्हटलं, इथे सही कर.

तो दोन पावलं मागे गेला. "लिखित में काहे, अम्मा?"

"नियम है."

"देखो, कल को किसी के दूध में बास आई, तो बोलेंगे यही मेस की जूठन खिलाता है, साइन भी किया है. मैं तो ले जाता था क्योंकि कोई पूछता नहीं था."

"जूठन तुझे कधी दिली मी? उष्टं वेगळं ठेवते मी, उष्टं गाडीत जातं."

"आपके यहाँ उष्टा-वुष्टा अलग होगा. कागज में तो एक ही लिखा है."

आणि ते बरोबर होतं. कागदावर एकच शब्द होता, गीला. माझ्या घरात सालं वेगळी, शिळं वेगळं, खरकटं वेगळं, उष्टं वेगळं. गाईम्हशीला उष्टं घालायचं नाही, हे मला सातव्या वर्षी शिकवलेलं. कागदाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. भैयाने कॅन उचलले नाहीत. रिकामेच घेऊन गेला आणि परत आला नाही.

मग मी घरमालकांकडे गेले. मालक स्वतः दातांचे डॉक्टर, माणूस सभ्य आहे. आवाज चढवत नाही. असल्या माणसाशी बोलणं फार अवघड.

"आंगणात एक कोपरा द्या," मी म्हटलं. "निंबाखाली. खड्डा नाही करत, खताचा ड्रम ठेवते."

"माताजी, मेरा मरीज़ मुँह खोलकर बैठता है. दस-दस मिनट. खिड़की आँगन की तरफ है. मुँह खुला और बदबू अंदर गई, तो वो दोबारा आएगा?"

"गच्चीवर?"

"छत पर पानी की टंकी है. लड़कियाँ कपड़े सुखाती हैं."

"मग काय करू? बाहेर नेऊ देत नाहीत, आत ठेवू देत नाहीत. गिळून टाकू?"

हे मी मराठीत बोलले, पण त्यांना समजलं असावं. ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. मग म्हणाले, आँगन सबका है, माताजी, मैं अकेला कैसे हाँ बोल दूँ. ज्याची इमारत आहे तो असं म्हणतो तेव्हा बोलणं संपलेलं असतं.

तीन दिवस असेच गेले. गाडीवाल्याने हिरवा डबा उचलणं बंद केलं होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी तीन बादल्या भरल्या, मग सहा, मग नऊ. त्यांच्यावर ओलं पोतं टाकलं, वर पाटा ठेवला. माशा पोत्यातूनही जातात. मी पुढच्या दाराशी उदबत्ती लावायला लागले, तर मुलं म्हणाली, आजी, आज कोणता सण? सगळी मुलं मला आजीच म्हणतात, हिंदी बोलणारीसुद्धा. त्यांना वाटतं आजी हे माझं नाव आहे.

रविवारी मुलगा आला. बादल्या बघून त्याने नाक धरलं नाही, तेवढा तो शहाणा आहे. बाकड्यावर बसला.

"आई, काहून जीव काढून राहिली एवढा?"

"तू जेवून आलास का?"

"ते राहू दे. चल ना घरी. या वयात कोण करते हे?"

"मी करते."

"संडासात धरायला दांडी लावली मी परवा. स्टीलची. तुझ्यासाठीच."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने ती मोठ्या प्रेमाने लावली असणार. मापही बरोबर घेतलं असणार, कारण हाताचा चांगला आहे. पण मला ती दांडी भिंतीत बसवलेली दिसली. अजून सील लागलं नव्हतं आणि तिकडे दांडी लागली होती.

"मला न विचारता?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर नाही म्हटलं असतंस."

"मग?"

"मग काय. तुझं 'नाही' कधी खरं असते?" तो हसत म्हणाला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्याला चार पोळ्या वाढल्या, पाचवी तो नको म्हणत असताना टाकली. त्याने ती खाल्ली. माझा मुलगा आहे, त्याला माहीत आहे.

साहेबांनी वजन करायला सांगितलं होतं म्हणून मी वजन करत होते. भाजीच्या ठेल्यावर असतो तसला आकड्याचा काटा आणला, खुंटीला टांगला, त्याला बादली. रोज संध्याकाळी वहीत लिहायची. माझ्याकडे पोळ्या करायला एक बाई येते, अधारतालहून, ऑटोने. वीस वर्षांत तिने मला फारसं काही सुनावलेलं नाही. ती हात पुसत पुसत माझं लिहिणं बघत होती.

"दीदी, ये वजन किसका लिख रही हो?"

"कचऱ्याचं."

"छिलके का वजन तो एक बाल्टी भी नहीं. बाकी दो बाल्टी किसकी है, देखा?"

"मुलांची. टाकतात पोरं, माजली आहेत."

"बच्चे नहीं फेंकते, दीदी. आप फिंकवाती हो."

मी काट्यावरून बादली काढली. मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. मी म्हटलं, माझ्याकडे पोट भरून जेवतात म्हणून लांबून पोरं येतात, दुसऱ्या मेसमध्ये मोजून चार पोळ्या मिळतात. तू पोळ्या लाट. ती म्हणाली, वही तो, दीदी, मैं बेलती हूँ, मुझे पता है कितनी कूड़े में जाती है. बेलते-बेलते कंधा उतर गया मेरा. आणि चप्पल घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी वाढताना बघितलं. याआधी वाढताना मी कधी बघितलंच नव्हतं. वाढत होते फक्त.

आमच्याकडे जेवणाऱ्याला आग्रह करतात. जेवणारा पहिल्यांदा पुरे म्हणतो ते म्हणायचंच असतं. पहिल्या पुरेला जो थांबतो त्याला वाढता येत नाही असं आम्ही समजतो. दुसऱ्यांदा म्हणतो तेव्हा निम्मं खरं. तिसऱ्यांदा पानावर हात आडवा धरतो, तर त्या हातावर वाढायचं, हसायचं, आणि तो खातो. हे दोघांनाही ठाऊक असतं. जेवणाऱ्याला ठाऊक असतं म्हणून तो मुळात एक पोळी कमी घेतो. त्याने पोटात जागा ठेवलेली असते, माझ्या आग्रहासाठी.

या मुलांनी जागा ठेवलेली नव्हती. कोणी सतनाचा, कोणी कटनीचा, कोणी दमोहचा. त्यांच्याकडेही आग्रह असेल, मला माहीत नाही, पण मेसमध्ये आलं की ते बस म्हणतात तेव्हा बसच असतं. "बस, आजी." मी पोळी टाकली. "आजी, सच में बस." मी त्यावर तूप घातलं. त्या दिवशी मी तिथेच उभी राहिले. मुलाने माझ्याकडे बघितलं, पोळीकडे बघितलं, एक घास तोडला, तो वाटीत बुडवून बाजूला ठेवला. मी वळले तशी त्याने पोळीची घडी घालून वाटीखाली सरकवली. पलीकडच्या पोरीने भात ताटाच्या कडेला थापून ठेवला होता, थोडा दिसावा म्हणून. सगळ्या ताटांत असंच. वर्षानुवर्षं ही मुलं माझ्या भीतीने अन्न लपवत होती आणि मी त्यांच्या ताटांकडे पाठ करून पुढच्या ताटात वाढत होते.

माझा मुलगा म्हणतो, सासरी तुला कोणी कधी आग्रह केला नाही, तू शेवटी बसायचीस, पातेल्यात राहील ते खायचीस, म्हणून तू जगाला वाढत सुटली आहेस. सासरी मला कोणी आग्रह केला नाही हे खरं आहे. बाकीचं मला पटत नाही. मला वाढायला आवडतं, एवढंच. आणि ते चांगलं काम आहे असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी आग्रह बंद केला. एकदा विचारायचं, बस म्हटलं की पुढे जायचं. मला फार जड गेलं. हात आपोआप पुढे जायचा. पोळ्यांचा डबा डाव्या हातात आणि उजवा हात पाठीमागे, अशी मी वाढायला लागले. मुलांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. एकाने विचारलंही, "आजी, हमसे नाराज़ हो क्या?" मी म्हटलं, खा चुपचाप. पोळीवालीने कणीक कमी भिजवली.

पाच दिवसांत तीन बादल्यांची दीड झाली. वहीत मी तो आकडा लिहिला आणि त्याच्याखाली रेघ मारली. दीड बादलीला एक ड्रम पुरतो, साहेबांनी सांगितलं होतं. पण तो एक ड्रम तरी ठेवायचा कुठे? पंधरातले दहा दिवस गेले होते. मी हॉल मापला. एक बाकडं काढलं तर ड्रम बसत होता, पण जेवणाऱ्यांच्या शेजारी तो ठेवू देणार नाहीत. स्वयंपाकघरात तर नाहीच. दुपारी मी खोलीत आडवी झाले, खिडकीतून निंब बघत. खिडकीला वारा चांगला. आणि मला दिसलं की या सगळ्या इमारतीत माझी म्हणावी अशी एवढीच जागा आहे जिथे कोणी जेवत नाही, कोणी तोंड उघडून बसत नाही आणि कोणी कपडे वाळत घालत नाही.

मी तशीच वर दवाखान्यात गेले. एक बाई तोंड उघडून बसलीच होती.

"पीछे का कमरा मेरा है ना, डॉक्टर साहब?"

"हाँ, माताजी. आपका ही है."

"उसमें मैं क्या रखूँ, मेरी मरज़ी?"

"बिलकुल आपकी मरज़ी," ते म्हणाले आणि पुन्हा त्या बाईच्या दाताकडे वळले. माझ्या बाजूने साक्षीदार होता, पण तिला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ड्रम आला. लोखंडी घडवंचीवर आडवा, बाजूला फिरवायचा दांडा. खाट बाहेर काढली तेव्हाच तो आत मावला. खाट हॉलमध्ये गेली, भिंतीला उभी. मालकांना कळलं तेव्हा ते खाली आले, दारात उभे राहिले, आणि त्यांचं तोंड त्यांच्या पेशंटसारखं उघडं राहिलं. पण शब्द त्यांचाच होता. आणि सभ्य माणूस दिलेल्या शब्दात अडकतो, तो त्याचा सापळा.

पहिला माल मी बिघडवला. जे होतं ते ओतलं, वरणासकट. तिसऱ्या दिवशी ड्रममधून काळं पाणी आलं आणि झाकण उघडलं तर आत पांढऱ्या अळ्या, भातासारख्या, फक्त हलणाऱ्या. वास असा की लुगडं धुतलं तरी त्यातून जाईना. पोळीवाली तोंडाला पदर लावून आली, बघितलं, आणि म्हणाली, दाल किसने डाली? अरे दीदी, पानी निचोड़ो पहले. तिच्या घराजवळ आरा मशीन आहे. तिथून तिने लाकडाच्या भुशाचं पोतं ऑटोत घालून आणलं. मग आम्ही दोघींनी सगळं बाहेर काढलं, हाताने. मी मोठ्या चाळणीत उष्टं निथळत ठेवायला शिकले, रस्सा वेगळा, चोथा वेगळा. चोथ्याच्या दुप्पट भुसा आणि निंबाचा वाळका पाला. आंगण सगळ्यांचं असलं तरी पाला उचलायला कोणी ना म्हटलं नाही. रोज सकाळी दांडा वीस वेळा फिरवायचा. दोन दिवसांनी वास उतरला. पूर्ण गेला नाही. पावसात भिजलेल्या लाकडाचा येतो तसा राहिला.

पंधराव्या दिवशी साहेब आले. मुलगाही आला होता, सुट्टी काढून. सामान बांधायला लागलं तर असावा म्हणून आला होता, पण तसं बोलला नाही. साहेबांनी वही बघितली. पान उलटलं, पुन्हा मागे गेले.

"तीन बाल्टी से डेढ़? बाकी कहाँ फेंक रही हो, अम्मा? सच बोलो. नाले में?"

"बच्चों के पेट में भी नहीं, नाले में भी नहीं," मी म्हटलं. "बनाती ही नहीं."

त्यांनी वही मिटली. "और ड्रम कहाँ है?"

मी त्यांना मागे नेलं आणि खोलीचं दार उघडलं. भिंतीवर माझ्या यजमानांचा फोटो, कोपऱ्यात देव, खुंटीवर माझी दोन लुगडी, आणि मधोमध ड्रम. साहेबांनी झाकण उघडलं, हाताने थोडं उचललं, वास घेतला. मग खोलीभर नजर फिरवली.

"अम्मा, ये तो आपका कमरा है."

"आवार में रखना था ना? ये आवार है."

"आप सोती कहाँ हो?"

"बाहर. बेंच के बाजू में."

मुलगा माझ्या मागे उभा होता. त्याने तेव्हाच पहिल्यांदा ती रिकामी जागा बघितली, खाटेची. साहेबांनी वहीवर सही केली. म्हणाले, दर महिन्याला येईन, कधीही येईन, दिवस सांगणार नाही, आणि वहीत एक दिवस जरी रिकामा दिसला तर पुन्हा नोटीस. मग जाता जाता दारात थांबले आणि म्हणाले, पोळ्यांचा वास येतो आहे, दोन मिळतील का. मी दोन वाढल्या. तिसरी विचारली नाही.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" साहेब गेल्यावर मुलगा म्हणाला.

"झालं."

"दिवाळीला तरी येशील घरी? चार दिवस?"

"ड्रम कोण फिरवेल?"

तो हसला नाही. मीही गमतीने म्हटलं नव्हतं. एक दिवस फिरवला नाही तर माल बसतो, पाणी सुटतं, अळ्या होतात. वहीत रोजचं पान भरावं लागतं. रांझीला जायचं नव्हतं म्हणून मी हे केलं, आणि आता मला मनात आलं तरी जाता येत नाही. भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेले नाही. दांडी भिंतीत आहे तशी आहे. सून तिच्यावर टॉवेल घालते असं नातवाने सांगितलं.

एवढ्यावर सगळं मिटलं असतं, पण मागच्या महिन्यात आणखी एक झालं. वर होस्टेलमध्ये पांढुर्ण्याची एक पोरगी आहे, मराठी घरातली. बारीक आहे, आणि दिवसेंदिवस आणखी बारीक दिसत होती. पोळीवालीने एकदा तिला जिन्यात बसून बिस्किटांचा पुडा खाताना पकडलं. जेवण होऊन अर्धा तास झाला होता.

"काहून गं?" मी तिला विचारलं. "पोट नाही भरत का इथे?"

"भरते ना, आजी."

"मग बिस्किटं काहून खाऊन राहिली?"

ती चपलेने पायरी खरवडत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही पहिले दोनदा विचारत होत्या. आता एकदाच विचारता."

मला कळायला वेळ लागला नाही. ती एक पोळी कमी घेत होती. तिने जागा ठेवली होती, तिच्या घरी ठेवतात तशी, आणि पुरे म्हणून वाट बघत होती, आणि मी हात पाठीमागे धरून पुढच्या ताटाकडे जात होते. सगळ्या हॉलमध्ये ती एकटीच होती जिला माझी भाषा येत होती, आणि तिलाच मी उपाशी उठवत होते. दोन महिने.

त्या संध्याकाळी मी तिच्या ताटाशी आले. तीन पोळ्या झाल्या होत्या तिच्या. मी चौथी पुढे केली.

"पुरे, आजी."

मी थांबले. बाकी मुलं बघत होती. मी विचारलं, "हे पुरे मराठीतलं का हिंदीतलं?"

तिला आधी समजलं नाही. मग समजलं आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "मराठीतलं," ती म्हणाली.

मी दोन वाढल्या, वर तूप. पलीकडचा दमोहचा मुलगा म्हणाला, "आजी, हमारा वाला हिंदी का है," आणि ताटावर दोन्ही हात ठेवले. मी त्याला सोडून दिलं.

पोरीने पहिली पूर्ण खाल्ली. दुसरी अर्धी खाल्ली आणि अर्धी माझ्यासमोरच ताटात ठेवली, लपवली नाही. मी ती उचलली, मागे जाऊन ड्रममध्ये टाकली, वर दोन मुठी भुसा घातला आणि वहीत वजन लिहिलं.